पहिले 28 दिवस

मैत्रिणींनो, आमच्या शेजारच्या वहिनींना पहिलं बाळ झालं, तेव्हा त्याच्या पाठीवर कण्यापाशी मोठी गाठ होती. बाळ फार दिवस जगलं नाही. बाळंतीण अजून धड उठलीही नव्हती, तोच बायकांची कुजबुज सुरू झाली, ‘ग्रहणात विळीवर बसली असेल!’ ती बिचारी कितीतरी दिवस आठवत होती, आपण त्या दिवशी काय चिरलं ते. तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं, ते आज तुम्हांला सांगते.

तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि एकमेकींना चिकटून नळी तयार होते. करंजीची कड आपण दाबून बंद करतो ना, अगदी तसंच! ह्याच नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. कड खाली उघडी राहिली तर पाठीत व्यंग, वर राहिली तर मेंदू आणि कवटीच अपुरी. आणि हे सारं काम गर्भधारणेपासून सुमारे 28 दिवसांत आटोपतं. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! आपण तर ‘लांबली असेल’ म्हणत महिना काढतो आणि मग डॉक्टरांकडे जातो.

त्या दिवसांत पेशी भराभर वाढत असतात. एकीच्या दोन व्हायच्या, तर आतल्या डीएनएची नवी प्रत हवी. तिचा कच्चा माल पेशीच्या चयापचयात तयार होतो आणि त्यासाठी फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व लागतंच.

ह्या जीवनसत्त्वाचा माग लागला तो आपल्या मुंबईत, बरं का! 1928 साली डॉ. ल्यूसी विल्स इंग्लंडहून आल्या, त्या गिरणीकामगार गरोदर बायकांच्या पंडुरोगाचं कारण शोधायला. यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बायका सुधारल्या, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुण फोलेटचा, हे मागाहून कळलं. पुढे 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचे प्रयोग प्रसिद्ध झाले. आधी असं मूल झालेल्या स्त्रियांनी दिवस राहण्यापूर्वीपासून फोलिक अ‍ॅसिड घेतलं, तर तोच धोका 72 टक्क्यांनी कमी झाला.

तुम्ही म्हणाल, आम्ही पालक, मेथी खातोच की! जरूर खा, उसळीही खा. पण भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, फोलेट त्या पाण्याबरोबर जातं. मात्र नुसत्या भाजीवर विसंबू नये. मूल हवं असं ठरलं, की निदान महिनाभर आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. आधी असं मूल झालेलं असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर मात्रा पुष्कळ मोठी लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. गोळीने सगळीच व्यंगं टळत नाहीत, हेही खरं.

वहिनींनी दुसऱ्या वेळी डॉक्टरांना विचारून आधीपासून गोळ्या घेतल्या. सासूबाई ‘अजून कशात काही नाही आणि औषधं कसली?’ म्हणत होत्या. त्यांची नात यंदा माझ्या वर्गात आहे. पाढ्यांत जरा कच्ची आहे, पण पळण्यात पहिली!