द्राक्षमळ्यांवर चालणारं घर

बोट बर्नकास्टेल-कूसला लागली तेव्हा हातात जेमतेम चार तास होते. मोझेल नदीच्या एका काठाला बर्नकास्टेल, समोर कूस, मधे पूल. द्राक्षमळ्यांचे डोंगर इतके उभे की "इथे माणसं काम करताना पडत नाहीत का रे?" हा आईचा पहिला प्रश्न. जमीन पाटीच्या दगडाची. दिवसा तापते, रात्री ऊब देते, म्हणून एवढ्या उत्तरेला रीसलिंग द्राक्षं पिकतात.

बाजारचौकात १४१६ सालचं एक चिंचोळं लाकडी घर आहे, तळाला अरुंद, वर रुंद. त्याचा फोटो झाला. बाकीचे प्रवासी वाइन चाखायला गेले. आम्ही पडलो दारूबंदीच्या गुजरातचे, बडोदेकर. आईला तर वासही नको. म्हणून पूल ओलांडला.

कूसला १४०१ मध्ये निकोलस जन्मला. नावाड्याचा मुलगा, पुढे कार्डिनल आणि मोठा तत्त्वज्ञ झाला. १४५८ मध्ये त्यानं गावात गरजू वृद्धांसाठी घर स्थापन केलं. जागा ३३, ख्रिस्ताच्या वयाइतक्या: सहा धर्मगुरू, सहा सरदार, एकवीस साधी माणसं. खर्चासाठी जमिनी आणि द्राक्षमळे लावून दिले. तो १४६४ मध्ये इटलीत वारला. देह रोमला, हृदय मात्र इथल्या चॅपेलमध्ये पुरलेलं. त्याच्या हस्तलिखितांचं ग्रंथालय इथेच आहे. वृद्ध आजही इथे राहतात आणि संस्थेच्या मळ्यांची वाइन आजही विकली जाते.

"म्हणजे दारूच्या पैशांवर म्हाताऱ्यांचं घर? तेही साडेपाचशे वर्षं?" आई म्हणाली आणि अंगणातल्या बाकावर बसली. समोर एक आजोबा वॉकर घेऊन सावकाश फेऱ्या मारत होते. आईनं हात जोडले, त्यांनी मान हलवली.

बाबा गेल्यापासून आई दांडिया बाजारात एकटी. मी फ्रँकफर्टला, कोड लिहितो. मागच्या वर्षी ती ज्येष्ठांसाठीची एक जागा बघून आली होती. मी फोनवरच चिडलो. "लोक काय म्हणतील?" असंही बोललो. (कोणते लोक, ते मलाही सांगता येणार नाही.) त्यानंतर तिनं विषय काढला नव्हता.

"त्या जागेला बाग आहे," ती आजोबांकडे बघत म्हणाली. "खोलीत देवघर ठेवता येतं. मी विचारलं होतं."

मी विचारलं, "स्वयंपाक कसा आहे?"

"गोड डाळ," ती म्हणाली. "पण सांगितलं तर वेगळी करतात."

बोटीकडे परतताना तिनं माझा दंड धरला होता. दिवाळीत ती जागा बघायला जायचं ठरलं.