प्रवासी विमानांच्या इंधन झडपांची तपासणी

प्रवासी विमानाच्या टाक्यांतील इंधन इंजिनापर्यंत सोडणाऱ्या, अडवणाऱ्या किंवा दुसरीकडे वळवणाऱ्या झडपा, तसेच त्या झडपांना आज्ञा देणारे स्विच, विद्युत मोटर व तारा यांची ठरावीक मुदतीने जी परीक्षा केली जाते, तिला इंधन झडपांची तपासणी म्हणतात. विमानाच्या देखभालीचा हा नित्याचा भाग आहे. या तपासणीपुढे एकमेकांच्या विरुद्ध असे दोन धोके असतात. गरज असताना झडप बंद झाली नाही, तर इंजिनाच्या आगीला इंधन मिळत राहते. गरज नसताना ती बंद झाली, तर चालू इंजिन थांबते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या एअर इंडियाच्या विमान अपघातानंतर भारतात हा विषय सार्वजनिक चर्चेत आला.

इंधन प्रणाली आणि तिच्यातील झडपा

मोठ्या प्रवासी विमानात इंधन मुख्यत्वे दोन्ही पंखांच्या पोकळीत आणि धडाच्या मध्यभागी असलेल्या टाकीत साठवले जाते. टाकीतील विद्युत पंप हे इंधन नळ्यांवाटे इंजिनाकडे ढकलतात. या मार्गावर निरनिराळ्या कामांसाठी झडपा बसवलेल्या असतात.

स्पार झडप: पंखाच्या आत लांबीच्या दिशेने जाणाऱ्या मुख्य तुळईला स्पार म्हणतात. टाकीतून निघालेली नळी ज्या ठिकाणी स्पार ओलांडून इंजिनाकडे जाते, तेथे ही झडप असते. ती विद्युत मोटरने उघडते व मिटते. टाकी आणि इंजिन यांच्यातील हा मुख्य अटकाव होय.

इंजिनावरील उच्चदाब झडप: ही इंजिनाच्या इंधन नियंत्रण यंत्रणेत असते आणि ज्वलनकक्षाकडे जाणारे इंधन तोडते.

क्रॉसफीड झडप: एका बाजूच्या टाकीतील इंधन दुसऱ्या बाजूच्या इंजिनाला देण्यासाठी ही झडप वापरतात. एरवी ती बंद असते.

भरणा झडपा: जमिनीवर इंधन भरताना प्रत्येक टाकीत जाणारा प्रवाह या झडपा नियंत्रित करतात. टाकी भरल्यावर त्यांनी प्रवाह थांबवणे अपेक्षित असते.

एकमार्गी झडपा: या इंधनाला उलट दिशेने वाहू देत नाहीत.

जलनिस्सारण झडपा: टाकीच्या तळाशी साचलेले पाणी काढण्यासाठी या झडपा असतात. टाकीतील हवेत असलेली वाफ थंड होऊन हे पाणी तयार होते. ते वेळोवेळी काढले नाही, तर उंचावर त्याचा बर्फ होतो. शिवाय पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून गाळण्या तुंबतात व धातू गंजतो.

बोईंगच्या बहुतेक विमानांत वैमानिकांच्या मधोमध, इंजिनाची शक्ती नियंत्रित करणाऱ्या दांड्यांच्या खाली, प्रत्येक इंजिनासाठी एक इंधन नियंत्रण स्विच असतो. त्याच्या ‘रन’ आणि ‘कटऑफ’ अशा दोन स्थिती असतात. कटऑफ केल्यास स्पार झडप आणि इंजिनावरील झडप अशा दोन्ही बंद होतात. स्विच चुकून हलू नये म्हणून तो आधी वर ओढून एका अडसरावरून पार करावा लागतो. आग लागल्यास वापरायचा वेगळा अग्निशमन स्विचही स्पार झडप बंद करतो.

सुप्त बिघाड

उड्डाणाच्या संपूर्ण काळात स्पार झडप उघडी असते. ती उघड्या स्थितीत अडकली, तरी इंजिन नेहमीप्रमाणे चालते आणि वैमानिकाला काहीही वेगळे जाणवत नाही. दोष कळतो तो आग लागून झडप बंद करण्याची वेळ आल्यावर. अशा बिघाडाला सुप्त बिघाड म्हणतात. विमानांचे देखभाल कार्यक्रम आखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एमएसजी-३ ही पद्धत १९८० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्यात उघड दिसणारे आणि सुप्त राहणारे बिघाड वेगळे धरले जातात. सुप्त बिघाडांसाठी झीज मोजणे पुरेसे नसते. यंत्र अजून काम करते का, हे मुद्दाम चालवून पाहावे लागते.

बोईंग विमानांच्या काही स्पार झडपा निकामी झाल्याचे इंधन गाळणी बदलताना लक्षात आले होते. झडप बंद केल्यावर नळीतील प्रवाह थांबायला हवा होता, पण तो थांबला नाही. या अनुभवानंतर अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने (एफएए) २०१५ मध्ये बोईंगच्या अनेक प्रकारच्या विमानांसाठी अशा झडपांची वारंवार कार्यचाचणी बंधनकारक केली. इंजिनाच्या आगीला इंधन मिळत राहिल्यास ती पंखापर्यंत पोहोचून पंख निकामी होऊ शकतो, असे कारण त्या निर्देशांत दिले आहे. मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणानेही ७३७, ७५७, ७६७, ७७७ आणि ७८७ या विमानांच्या इंधन बंद करणाऱ्या झडपांविषयी सुरक्षा सूचना काढून तेथील कंपन्यांचे लक्ष एफएएच्या निर्देशाकडे वेधले.

तपासणीच्या पद्धती

कार्यचाचणी: स्विच फिरवून झडप पूर्ण उघडते व पूर्ण मिटते का, हे पाहिले जाते. बोईंग ७३७ च्या नव्या पिढीतील विमानांत यासाठी निळे दिवे असतात. झडप बंद असताना दिवा मंद जळतो, ती हलत असताना प्रखर होतो आणि पूर्ण उघडल्यावर विझतो. दिवा प्रखरच राहिला, तर आज्ञा आणि झडपेची प्रत्यक्ष स्थिती यांत विसंगती आहे, असा त्याचा अर्थ होतो.

गळतीची तपासणी: बाहेरून दिसणाऱ्या गळतीचे डाग, पाझर, मोठा पाझर आणि वाहती गळती असे वर्ग केले जातात. जागा कोरडी पुसून ठरावीक वेळानंतर ओल किती पसरली, यावरून वर्ग ठरतो. विमान उडू द्यायचे की आधी दुरुस्त करायचे, हे गळतीचा वर्ग आणि जागा पाहून निश्चित होते. आतील गळतीसाठी झडप बंद करून तिच्या एका बाजूला पंपाचा दाब देतात आणि दुसऱ्या बाजूला इंधन येते का, ते पाहतात.

विद्युत तपासणी: झडपेची मोटर, जोडण्या आणि तारांचे आवरण तपासले जाते. झडप व विमानाचा सांगाडा यांच्यातील विद्युत जोडणीचा रोध मोजला जातो. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या बोईंग ७४७ विमानाच्या मधल्या टाकीतील वाफेचा स्फोट होऊन २३० जण मरण पावले. त्यानंतर २००१ मध्ये एफएएने टाकीजवळ ठिणगीचा संभव असलेल्या प्रत्येक भागाचा फेरविचार करणारा विशेष नियम लागू केला. झडपांच्या मोटरही त्याच्या कक्षेत आल्या.

टाकीच्या आतील तपासणी: मोठ्या देखभालीच्या वेळी टाकी रिकामी करून, हवा खेळवून आणि आतील वाफ व प्राणवायूचे प्रमाण मोजून मगच तंत्रज्ञ आत उतरतो. बाहेर एक सहकारी सतत लक्ष ठेवतो.

दोन इंजिनांच्या विमानाने विमानतळापासून दूरच्या मार्गाने उड्डाण करण्यासाठी ईटॉप्स ही वेगळी परवानगी लागते. तिच्या नियमांनुसार दोन्ही इंजिनांच्या समान भागांवरील काम एकाच वेळी एकाच तंत्रज्ञाने करणे टाळले जाते. एकाच हाताची चूक दोन्ही बाजूंना होऊ नये, हा त्यामागील उद्देश आहे. ते टाळणे शक्य नसेल, तर स्वतंत्र पडताळणी केली जाते.

उल्लेखनीय घटना

१७ जानेवारी २००८ रोजी ब्रिटिश एअरवेजचे बोईंग ७७७ विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले. इंधनातील बर्फामुळे दोन्ही इंजिनांचा पुरवठा घटला होता. विमानातील सर्व १५२ जण वाचले. मात्र आदळल्यानंतर स्पार झडपा उघड्याच राहिल्या आणि इंधन सांडले. अग्निशमन स्विच इंधन स्विचच्या आधी वापरला गेला होता, आणि झडपेपर्यंत आज्ञा नेणाऱ्या उरलेल्या तारा आदळण्यात तुटल्या होत्या. आधी इंधन स्विच आणि मग अग्निशमन स्विच हा क्रम बोईंगने सर्व वापरकर्त्या कंपन्यांना कळवावा, अशी शिफारस ब्रिटिश तपास यंत्रणेने केली.

४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासच्या एअरबस ए३८० विमानाचे दुसऱ्या क्रमांकाचे इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर फुटले. त्याच्या तुकड्यांनी पंखातील तारा तोडल्या. विमान सिंगापूरला सुखरूप उतरले, पण पहिल्या क्रमांकाच्या इंजिनाचे इंधन बंद करता येईना. ते इंजिन दोन तासांहून अधिक काळ चालू राहिले आणि शेवटी अग्निशमन दलाने फेस मारून ते विझवले. विमानातील ४६९ जणांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

८ जानेवारी २०१३ रोजी बोस्टन विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या बोईंग ७८७ विमानातून सुमारे १५० लिटर इंधन सांडले. एक झडप उघडी राहिल्याने इंधन मधल्या टाकीतून डाव्या टाकीत आणि तेथून पंखाच्या टोकाकडील वायुवीजन मार्गाने बाहेर गेले होते.

बंधनकारक निर्देश आणि सल्ला

सुरक्षेचा दोष आढळल्यास विमानाच्या मूळ देशातील नियामक संस्था उड्डाणयोग्यता निर्देश काढते. तो बंधनकारक असतो. मुदतीत पूर्तता न केल्यास विमान उडवता येत नाही. दोष तितका गंभीर वाटला नाही, तर माहितीपत्रक काढले जाते. त्याचे स्वरूप सल्ल्याचे असते आणि तो पाळायचा की नाही, हे विमान कंपनी ठरवते.

१७ डिसेंबर २०१८ रोजी एफएएने अशाच एका विशेष माहितीपत्रकाद्वारे इंधन नियंत्रण स्विचच्या अडसराकडे लक्ष वेधले. बोईंग ७३७ विमानांवरील काही स्विच अडसर निष्क्रिय असलेल्या अवस्थेत बसवले गेल्याची माहिती मिळाली होती. अडसर नसेल, तर स्विच वर न ओढताही हलू शकतो. तशाच रचनेचे स्विच असलेल्या ७८७ सह इतर बोईंग विमानांचाही पत्रकात समावेश होता. ही स्थिती निर्देश काढण्याइतकी असुरक्षित नाही, असे एफएएने त्यात म्हटले होते.

अहमदाबाद अपघात

१२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे अहमदाबाद–लंडन उड्डाण क्रमांक १७१ झेपावल्यानंतर काही सेकंदांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृह परिसरात कोसळले. बोईंग ७८७-८ प्रकारच्या या विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले.

भारताच्या विमान अपघात अन्वेषण विभागाने जुलै २०२५ मध्ये प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार दुपारी १ वाजून ३८ मिनिटे ४२ सेकंदांनी विमानाने १८० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३३३ किलोमीटर, हा सर्वाधिक वेग गाठला. त्यानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने रनवरून कटऑफवर गेले. इंधन का बंद केले, असे एका वैमानिकाने विचारल्याचे आणि आपण तसे केले नसल्याचे दुसऱ्याने सांगितल्याचे ध्वनिमुद्रणात आढळले. दहा सेकंदांनी पहिल्या आणि आणखी चार सेकंदांनी दुसऱ्या इंजिनाचा स्विच पुन्हा रनवर आला. पहिले इंजिन सावरू लागले होते, परंतु उंची आणि वेळ पुरली नाही. १ वाजून ३९ मिनिटे ११ सेकंदांनी नोंदी थांबल्या.

हा स्विच ज्या नियंत्रण संचाचा भाग असतो, तो संच या विमानात २०१९ आणि २०२३ मध्ये बदलला होता. बदलण्याचे कारण इंधन स्विचशी संबंधित नव्हते. २०१८ च्या माहितीपत्रकात सुचवलेली तपासणी, ती केवळ सल्ला असल्यामुळे, करण्यात आली नव्हती. स्विच का हलले, याचा निष्कर्ष प्राथमिक अहवालात काढलेला नाही. तसेच ७८७ विमाने किंवा त्यांची इंजिने यांच्याबाबत त्या टप्प्यावर कोणतीही शिफारस त्यात नव्हती.

१४ जुलै २०२५ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) २०१८ च्या पत्रकातील तपासणी संबंधित सर्व भारतीय विमानांसाठी बंधनकारक केली आणि २१ जुलै ही मुदत दिली. आपल्या सर्व बोईंग ७८७ आणि ७३७ विमानांच्या अडसरांची तपासणी झाली असून त्यात दोष आढळला नाही, असे एअर इंडियाने २२ जुलै रोजी जाहीर केले. अशा रीतीने साडेसहा वर्षे ऐच्छिक असलेले काम देशभरात एका आठवड्याच्या मुदतीचे झाले.

भारतातील व्यवस्था

भारतात विमान देखभालीचे नियमन डीजीसीए करते. देखभाल संस्थांना सीएआर-१४५ या नियमावलीनुसार मान्यता लागते, तर तंत्रज्ञांचे परवाने सीएआर-६६ नुसार दिले जातात. टर्बाइन इंजिनांच्या विमानांचे यांत्रिक काम बी१.१ वर्गाच्या आणि विद्युत-इलेक्ट्रॉनिक प्रणालींचे काम बी२ वर्गाच्या परवान्यात येते. झडप आणि तिची मोटर यांच्या कामात या दोन्ही शाखांचा संबंध येतो. काम झाल्यावर परवानाधारक अभियंता प्रमाणपत्रावर सही करतो. तिच्याशिवाय विमान पुन्हा सेवेत येत नाही. या शिक्षणासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बारावी उत्तीर्ण होणे आवश्यक असते.

महाराष्ट्रात मुंबई हे या कामाचे जुने केंद्र आहे. विदर्भात नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या विमानांचे देखभाल केंद्र आहे. एअर इंडियाने केलेल्या विमान खरेदीच्या करारातील बांधिलकी म्हणून बोईंगने ते उभारले, आणि २०१५ पासून ते एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस या सरकारी कंपनीकडे आहे. बोईंग ७७७ आणि ७८७ यांसारखी रुंद धडाची विमाने तेथे आत घेता येतात. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेल्यानंतरही ही कंपनी सरकारच्याच मालकीची राहिली.

तपासणीच्या मर्यादा

कार्यचाचणीने झडप त्या क्षणी चालते, एवढेच सिद्ध होते. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात ती बिघडू शकते. म्हणून चाचण्यांमधील अंतर किती असावे, हा कळीचा प्रश्न ठरतो. वारंवार उघडझाक केल्याने मोटरची झीज वाढते आणि भाग काढून पुन्हा बसवताना नवी चूकही होऊ शकते. हीथ्रो आणि सिंगापूर येथील घटनांत झडपांऐवजी त्यांच्याकडे आज्ञा नेणाऱ्या तारा निकामी झाल्या होत्या. त्यामुळे स्विच, तार, मोटर आणि झडप या साखळीची एकत्रित तपासणी आवश्यक मानली जाते. स्विचचा अडसर शाबूत आहे का, हे तपासणीतून कळते. पण स्विच कोणी किंवा कशामुळे हलवला, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी उड्डाणाच्या नोंदी आणि अपघाताचा तपास यांवरच अवलंबून राहावे लागते.