पाठीच्या कण्याचा क्षयरोग : ओळख आणि उपचार

क्षयरोग म्हटला की खोकला, बेडक्यातून पडणारे रक्त आणि खंगलेली छाती एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. तपासणीची रीतही पुष्कळ वर्षे याच चित्रावर बेतलेली होती. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असणाऱ्याचा बेडका तपासावा आणि त्यात जंतू दिसल्यास औषध सुरू करावे, अशी ती रीत. फुप्फुसाच्या क्षयासाठी ती योग्यच होय. परंतु या चाळणीतून एक रुग्ण हमखास निसटतो. त्याला खोकला नसतो, त्याचा बेडका स्वच्छ असतो. दुखते ती फक्त पाठ.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यामध्ये तिरला हा आदिवासी वस्तीचा विकासखंड आहे. शेतीची कामे उरकली की या भागातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातकडे जातात. नर्मदेच्या दक्षिणेस, महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातही हेच दिसते. दगड, विटा, मोळ्या वाहणाऱ्या माणसाची पाठ दुखू लागली तर तिचा दोष साहजिकच ओझ्याकडे जातो. ‘उसण भरली’ असे निदान घरीच होते. मग बिब्बा लावणे, चोळणे, काही ठिकाणी तापलेल्या सळईने डागणे, पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घेणे हे उपाय चालतात. खऱ्या उसणीत यातून फारसे बिघडत नसेल; पण आतून पोखरलेल्या मणक्यावर पाय पडणे ही गोष्ट साधी नव्हे. शहरात बिब्ब्याची जागा वेदनाशामक गोळी घेते, एवढाच फरक. अभिनेते अमिताभ बच्चन यांना २००० साली मणक्यांचा क्षय झाला होता आणि त्या काळात ते अशा गोळ्यांवर दिवस काढीत होते, हे त्यांनी स्वतःच मुंबई महानगरपालिकेच्या क्षयरोग जागृती मोहिमेच्या वेळी, २०१४ साली, जाहीर केले.

क्षयाचे जंतू श्वासावाटे प्रथम फुप्फुसात शिरतात. तेथून ते रक्तातून मणक्यांपर्यंत पोहोचतात. दोन लगतच्या मणक्यांना रक्त पुरविणारी वाहिनी एकच असल्यामुळे रोग बहुधा दोन्ही मणक्यांत, मधल्या चकतीच्या कडेने, सुरू होतो. छातीचे खालचे व कमरेचे वरचे मणके त्यास अधिक बळी पडतात. मणक्याचा पुढचा भाग कुजून खचतो आणि मागचा तसाच राहतो. त्यामुळे कणा पुढे झुकतो व पाठीवर टोकदार उंचवटा येतो. यालाच लोक कुबड म्हणतात. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली कुबड आणि पायांतील शक्ती जाणे यांचा संबंध दाखवून दिला. रोगाचा जंतू मात्र रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जाहीर केला. पॉट यांच्या नावाने हा रोग आजही ओळखला जातो.

कुबड दिसेपर्यंत थांबणे म्हणजे बराच उशीर करणे होय. त्यापूर्वीची चिन्हे घरच्या माणसांना व शिक्षकांना सहज ओळखता येण्यासारखी आहेत. दुखणे एकाच जागी राहते, आठवड्यामागून आठवडे टिकते, विश्रांतीनेही पुरते थांबत नाही आणि रात्री वाढते. संध्याकाळी बारीक ताप, भूक मंदावणे, वजन उतरणे ही लक्षणे सोबत असतील किंवा नसतीलही. ताप नाही म्हणून क्षय नाही असे समजू नये. लहान मूल झोपेत दचकून रडते. जमिनीवर पडलेली पेन्सिल उचलताना ते कमरेत वाकत नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यात वाकते आणि उठताना मांडीवर हात टेकते. वर्गात असे मूल दिसल्यास शिक्षकांनी ते खोड म्हणून सोडून देऊ नये.

मणक्यातील पू स्नायूंच्या आवरणातून खाली उतरून जांघेत किंवा मांडीवर सूज म्हणून प्रकट होतो. ही सूज लाल नसते, हातास गरम लागत नाही, म्हणून तिला थंड गळू म्हणतात. नेहमीचे गळू समजून ती गावात फोडून घेतल्यास जखम महिनोन्महिने वाहत राहते.

सर्वांत गंभीर चिन्ह पायांत दिसते. चालताना पाय अडखळतात, ताठरतात, पायातील चप्पल निसटली तरी कळत नाही, पुढे लघवीवरील ताबा जातो. मज्जारज्जूवर दाब आल्याची ही खूण आहे. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

निदानाच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. साधे क्ष-किरण चित्र निर्दोष आले म्हणून निश्चिंत होऊ नये. हाडाचा साधारण तिसरा हिस्सा झिजल्याखेरीज त्या चित्रात दोष उमटत नाही. एम. आर. आय. तपासणीत तो पुष्कळ आधी दिसतो. तिरल्याच्या रुग्णाला त्यासाठी धार आणि गरज पडल्यास इंदूर गाठावे लागते. दिवसाची मजुरी बुडते, हे खरेच. परंतु पांगळेपणाने आयुष्याची मजुरी बुडते. चित्रावरूनही निदान पक्के होतेच असे नाही, कारण कर्करोग आणि जनावरांपासून होणारा ब्रुसेला जंतूंचा विकार मणक्यात असाच दिसू शकतो. म्हणून शक्य तेथे सुईने रोगट भागाचा तुकडा किंवा पू काढून तपासतात. सीबीनॅट यंत्रावर काही तासांत जंतूंचा आणि रिफाम्पिसीन औषधाला ते दाद देतील की नाही याचा उलगडा होतो. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याच्या चाचण्या फसव्या ठरल्याने भारत सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली आहे. तशी चाचणी कोणी सुचविल्यास ती करून घेऊ नये.

उपचारांविषयी जुनी भीती अजून गेलेली नाही. एकेकाळी रुग्णास प्लॅस्टरच्या कवचात महिनोन्महिने निजवून ठेवीत, किंवा मोठी शस्त्रक्रिया करीत. १९६० नंतरच्या दशकांत कोरिया, हाँगकाँग व मद्रास येथे झालेल्या अभ्यासांतून या प्रश्नावर प्रकाश पडला. कोरियातील रुग्णांत अंथरुणावर खिळवून ठेवल्याने अथवा प्लॅस्टरने काही अधिक लाभ झाला नाही. औषध घेत हिंडतेफिरते राहिलेलेही तसेच बरे झाले. वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली ‘मध्यम मार्ग’ मांडला. आधी औषधे आणि ज्यांना त्याने उतार पडत नाही त्यांनाच शस्त्रक्रिया, असे त्याचे सूत्र होते. पाय गेलेल्यांपैकीही काही केवळ औषधांनी चालू लागले. खाटांची टंचाई असलेल्या देशाला हा मार्ग विशेष मानवला. आजही पायांची शक्ती उत्तरोत्तर कमी होत असेल, कणा फार वाकला असेल किंवा निदानच संशयास्पद असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील दहा महिने तीन औषधे रोज घ्यावयाची असतात. वैद्यकीय अधिकाऱ्यास आवश्यक वाटल्यास मुदत १८ महिन्यांपर्यंत वाढते. औषधे विनामूल्य मिळतात. लघवी नारिंगी होते, त्यास भिऊ नये. मात्र डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर लगेच आरोग्य केंद्रास कळवावे. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. फुप्फुसात क्षय नसेल तर हा रोग रुग्णापासून इतरांना होत नाही; ताट-भांडे वेगळे करण्याचे कारण नाही. छातीची तपासणी मात्र रुग्णाची आणि घरातील सर्वांची करून घ्यावी.

लहान मुलांच्या बाबतीत रोग बरा झाल्यावरही वाढीच्या वयात कुबड वाढू शकते, म्हणून वाढ पुरी होईपर्यंत त्यांना अधूनमधून दाखवीत राहावे लागते.

खरी अडचण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते. तोपर्यंत पाठ दुखायची थांबलेली असते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि गोळ्यांची आठवण पुसट होते. नेमका हाच स्थलांतराचा काळ असेल तर उपचार तुटण्याची भीती अधिक. निघण्यापूर्वी रुग्णाने आरोग्य केंद्रास जाण्याचे ठिकाण सांगावे. ‘निक्षय’ नोंदणीच्या क्रमांकावर त्याचे नाव तेथील केंद्राकडे वर्ग होते आणि औषधे परराज्यातही मिळतात. वाटेतील दिवसांपुरत्या गोळ्या मात्र आधीच मागून घ्याव्यात.