दोन रेझिस्टर आणि एक खटका

घरी बनवलेलं गिटारचं इफेक्ट पेडल चटकन ओळखू येतं. ॲल्युमिनियमची ओतीव डबी, भोकाच्या कडेला ड्रिल घसरल्याचा ओरखडा, मार्करने लिहिलेली नावं आणि नॉब्जच्या मधोमध एक बोटभर खटका. मूळ कंपनीच्या पेडलवर बहुधा हा खटका नसतो. तो गेन बदलतो, म्हणजे गिटारचा सिग्नल किती पटीने वाढवायचा ते ठरवतो. त्याच कामासाठी नॉब असताना खटका कशाला, हे कळायला डबी उघडावी लागते.

गेन वाढवून आवाज ‘फाडण्याची’ ही हौस मुळात एका बिघाडातून आली. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’चं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक चॅनेल नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज चिरकला. १९६१ साली गाणं गाजलं, तसा तो आवाजही लोकांना हवाहवासा झाला. १९६२ मध्ये गिब्सनने माएस्ट्रो फझ-टोन बाजारात आणला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’ने तो जगभर पोहोचवला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजने एलपीबी-१ हा एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर विकायला काढला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानमधून आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर आला. हौशी मंडळी आजही याच जुन्या सर्किटांवर हात बसवतात, कारण सुटे भाग थोडे लागतात आणि प्रत्येक भागाचं काम कानाला ऐकू येतं.

ट्यूब स्क्रीमरचंच घ्या. आठ पायांच्या ऑप-अँप चिपच्या आउटपुटकडून एक रेझिस्टर मागे इनपुटकडे येतो आणि तिथून दुसरा रेझिस्टर एका कपॅसिटरमार्गे ग्राउंडला जातो. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, त्यात एक मिळवायचा, की गेन आला. ग्राउंडकडचा रेझिस्टर ४.७ किलोओहमचा. मागे येणाऱ्या वाटेवर ५१ किलोओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्या जोडीला ५०० किलोओहमचा पॉट, म्हणजे नॉबने बदलणारा रेझिस्टर. पॉट शून्यावर असताना गेन साधारण १२ पट, पूर्ण फिरवल्यावर ११८ पट. मात्र आवाज त्या प्रमाणात मोठा होत नाही. साधारण अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं की त्याच वाटेवरचे डायोड लाटेचा माथा छाटतात. त्यामुळे गेन वाढला की सूर दाट आणि खरखरीत होतो, आणि तार छेडल्यावर तो जास्त वेळ टिकतो.

नॉबची अडचण इथेच सुरू होते. साधा लिनिअर पॉट लावला, तर फिरवणीच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यातच गेन जवळजवळ दुप्पट होतो. उरलेल्या नऊ हिश्श्यांत तो आणखी पाचपट वाढतो. कार्यक्रम रात्रीचा, दिवे मंद आणि पेडल पायाशी, अशा वेळी ‘कालच्याच जागी’ नॉब आणणं नशिबावर सोडावं लागतं. शिवाय सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारला जो गेन शोभतो, तो हमबकर पिकअपच्या जोरकस सिग्नलला जास्त होतो. वाजवणाऱ्याला खरं तर दोन-तीनच जागा हव्या असतात, पण त्या दर वेळी हुबेहूब त्याच हव्या असतात. खटक्याचं काम तेवढंच.

जोडणीत मात्र एक मेख आहे. वेगवेगळे रेझिस्टर खटक्याने आलटून पालटून जोडले, तर पाते एका बाजूकडून दुसरीकडे जाताना मागे येणारी वाट क्षणभर तुटते. ज्या बूस्टरमध्ये डायोड नाहीत, त्यात तेवढ्यात ऑप-अँप बेलगाम होतो आणि स्पीकरमधून ‘धाड’ ऐकू येतं. म्हणून जाणते लोक सगळ्यात मोठा रेझिस्टर कायमचा डाग देऊन बसवतात आणि खटक्याने त्याला समांतर दुसरा जोडतात. समजा ग्राउंडकडे तोच ४.७ किलोओहम आहे, ४७० किलोओहम कायमचा आहे आणि खटका मधल्या जागी काहीच न जोडणारा घेतला. मग मध्ये गेन १०१ पट, एका बाजूला समांतर १५० किलोओहम जोडला तर सुमारे २५ पट, दुसऱ्या बाजूला ४७ किलोओहम जोडला तर १० पट. वाट कधीच तुटत नाही.

ट्रान्झिस्टरच्या बूस्टरमध्ये युक्ती वेगळी. तिथे एमिटरच्या रेझिस्टरला समांतर कपॅसिटर जोडला की गेन उसळतो. पण रिकामा कपॅसिटर एकदम जोडला, तर तो भरून घेताना ‘टप्प’ असा आवाज करतो. खटक्याच्या दोन टोकांवर एक मेगओहमचा रेझिस्टर ठेवला, की कपॅसिटर आधीच भरलेला राहतो. गेनवर त्याचा परिणाम नगण्य, पण खटका मुकाट्याने चालतो.

गेन बदलला की सुराचा रंगही बदलतो. ट्यूब स्क्रीमरमध्ये ४.७ किलोओहमच्या जोडीला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. त्या दोघांमुळे ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी वाढतात. त्याच्या नाकातल्या आवाजामागे हे एक कारण. गेन वाढवायला हाच रेझिस्टर निम्मा केला, तर ही सीमा दुप्पट वर सरकते आणि खर्ज आणखी पातळ होतो. उलट मागे येणाऱ्या वाटेवरचा रेझिस्टर वाढवला, तर खर्ज तसाच राहतो. पण त्याला समांतर असलेल्या ५१ पिकोफॅरडच्या कपॅसिटरमुळे पूर्ण गेनला साधारण साडेपाच किलोहर्ट्झच्या वरची धार बोथट होते. खटका कुठल्या रेझिस्टरवर बसवायचा, हा म्हणून निव्वळ सोयीचा प्रश्न नाही; आपल्याला कसा सूर हवा, हे आधी ठरवावं लागतं.

आकडे कागदावर काढता येतात, पण निवड कानानेच करायची. ब्रेडबोर्डवर आधी पॉट लावायचा, आपल्या गिटारवर आपल्याच अँप्लिफायरमधून वाजवून बघायचं. जागा सापडली की पॉट सर्किटमधून सोडवून मल्टिमीटरने मोजायचा. जोडलेलाच मोजला तर आजूबाजूचे भागही मोजमापात शिरतात. समजा, मल्टिमीटरने १४३ किलोओहम दाखवले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या दुकानदाराकडे नेमका तेवढाच रेझिस्टर मागू नये. नेहमीच्या मालिकेत जवळचा आकडा १५० आहे. दोन्हींच्या गेनमधला फरक कानाला लागत नाही, तेव्हा १५० घ्यावा आणि डाग द्यावा.