ऊस-ट्रॉलीचे ब्रेक : हंगामाआधी काय बघावे



गळीत हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरचे सर्व्हिसिंग होते, ट्रॉलीचे टायर बघितले जातात, फाळके वेल्डिंग करून घेतले जातात. ब्रेकचे नाव मात्र कोणी काढत नाही. विचारले तर "ट्रॉलीला कशाला ब्रेक, ट्रॅक्टरला हायेत की," असे उत्तर मिळते. पुष्कळ ट्रॉल्यांना मुळात ब्रेक असतात. पण एखाद्या हंगामात पाइप तुटतो, दांडी अडचणीची वाटते म्हणून काढून ठेवली जाते, आणि पुढे तिकडे कोणी फिरकत नाही. यंदा हा विषय म्हणूनच जरा सविस्तर घेत आहोत.

आधी वजनाचा हिशेब करू. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडल्या की त्यांच्या लोखंडासकट भार सहज २० टनांच्या घरात जातो. रस्त्याला २० फुटांत एक फूट उतार असेल, म्हणजे डोळ्याला फारसा जाणवणारही नाही असा उतार, तर हा भार ट्रॅक्टरला जवळजवळ एक टनाच्या जोराने सारखा पुढे रेटत असतो. बैलगाडी असती तर उतारावर बैल निदान मागे रेटून गाडी तोलतात. ट्रॉलीला तेही नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. जोरात दाबले की ती चाके जाम होऊन घसटत जातात, पाठीमागचा भार हुकाला ढकलत राहतो आणि ट्रॅक्टर रस्त्यात आडवा होतो. ड्रायव्हर कितीही जुना असो, तिथे त्याचे काही चालत नाही. त्यातून वेग दुप्पट केला तर थांबवण्याचे काम दुप्पट नव्हे, चौपट होते. १५ च्या वेगाने सहज थांबणारी गाडी ३० च्या वेगाने का थांबली नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

यावर उपाय एकच, ट्रॉलीने आपला भार आपणच अडवायचा. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीचे ब्रेक पुढच्यापेक्षा किंचित आधी लागले पाहिजेत. मग गाड्यांची रांग मागून ताणलेली राहते. फक्त पुढच्या ट्रॉलीला ब्रेक ठेवले तर मागची तिला ढकलून वाकडी करते. असली अर्धी सोय आम्हाला पसंत नाही.

ट्रॉलीचे ब्रेक दांडीचे, तेलाचे किंवा हवेचे असतात. हवेच्या ब्रेकचे पेटंट जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसाने १८६९ साली रेल्वेसाठी घेतले. त्याची खरी करामत पुढची : नळी तुटून दाब गेला की ब्रेक आपोआप लागावेत, अशी रचना त्याने नंतर केली. म्हणजे सुटलेला डबा मोकाट पळत नाही. अमेरिकेत मोटारीमागे राहण्याच्या गाड्या ओढतात, त्यांना विजेचे ब्रेक असतात. ड्रममध्ये १२ व्होल्टचा लोहचुंबक ड्रमला चिकटून ओढला जातो आणि शू फाकवतो. गाडी सुटली तर तिच्यावरचीच बॅटरी ब्रेक लावते. आपल्याकडे एवढे नसेल, पण हुकाच्या पिनीला खटका आणि जोडीला एक जाड साखळी, एवढे तरी प्रत्येक ट्रॉलीला हवेच.

आता देखभालीकडे वळू. हंगाम संपला की ट्रॉली परसात सहा-सात महिने उभी. वर सगळा पावसाळा जातो. कोंबड्या खाली अंडी घालतात, आणि वर ड्रममध्ये गंज चढतो. शू ड्रमला धरतो, कॅमचा दांडा जाम होतो, परतीची स्प्रिंग गंजून मोडते. म्हणून ट्रॉली सपाट जागी, दोन्ही बाजूंनी उट्या लावून आणि ब्रेक सोडून उभी करावी. हंगामाआधी किमान महिनाभर प्रत्येक चाक उतरवून ड्रम उघडावा. चाकाचे नट जॅक लावण्याआधी ढिले करावेत आणि नुसत्या जॅकवर कधी काम करू नये, आखाखाली लाकडी ठोकळे द्यावेत.

ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ते फुफ्फुसात बसते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या. लायनर झिजून रिव्हेटची डोकी वर येऊ लागली असतील तर "अजून एक खेप" म्हणून चालवू नये. रिव्हेट ड्रमला खोल रेघा पाडतो, मग लायनरबरोबर ड्रमचाही खर्च येतो. लायनर बदलायचे ते आखाच्या दोन्ही चाकांचे एकदम. एकच बदलले तर गाडी एका बाजूला ओढते. ग्रीस प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन बसवणारे मिस्त्री आहेत. त्यांना तसे करू देऊ नका. ड्रम तापला की मुरलेले तेल पुन्हा वर येते. लायनर नवे घाला आणि हबचे ऑइल सीलही बदला, कारण ग्रीस तिथूनच आलेले असते. हबमध्ये ग्रीस ठासून भरण्याची सवयही सोडावी.

तेलाच्या ब्रेकमध्ये आपल्याकडे सर्वांत मोठा घोटाळा तेलाचाच. मास्टर सिलिंडरचे ब्रेक ऑइल वेगळे आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल वेगळे. एकाच्या जागी दुसरे ओतले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलावे आणि उघडा डबा पुन्हा वापरू नये. पॅडल स्पंजासारखे दबत असेल तर पाइपात हवा आहे. ती काढावी, पण हवा शिरली कुठून तेही शोधावे. हवेचे ब्रेक असतील तर टाकीतले पाणी रोज सोडावे. स्प्रिंगचा चेंबर मात्र घरी कोणी उघडू नये, आतली स्प्रिंग माणूस मारील इतक्या जोराची असते.

जुळणी झाल्यावर चाक हाताने फिरवावे. ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळावा, मग चाक मोकळे फिरेल इतका मागे सोडावा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. रिकाम्या ट्रॉलीवर मोकळ्या रस्त्याला हळू वेगात तीन-चारदा थांबवून बघावे आणि नंतर ड्रमजवळ हात न्यावा. एकच ड्रम तापला असेल तर ते चाक धरून चालले आहे. एकच थंड असेल तर ते कामच करत नाही.

ड्रायव्हरला दोन गोष्टी बजावाव्यात. ट्रॅक्टरची ब्रेकची दोन्ही पॅडले रस्त्यावर खटक्याने जोडलेली हवीत. आणि उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणे म्हणजे ब्रेकवर सगळा भार टाकणे. ड्रम तापले की लायनरची पकड जाते. ओढ्यातून पाणी उडाले असेल तर पुढे हलकेच दोन-तीनदा ब्रेक दाबून लायनर सुकवावे.

चढावर गाडी थांबली की पोरगा उटी घेऊन चाकामागे धावतो, हे आपण रोज पाहतो. त्याने चाकामागे वाकू नये. उटीला लांब दांडा बसवून घ्यावा आणि बाजूला उभे राहून ती सरकवावी. हा दांडा गावातला लोहार एका दुपारी करून देतो.