टाच किती उंच, तळ किती मऊ?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी गणपती ते दिवाळीच्या दरम्यान जोर धरते. आठवड्याला तीस किलोमीटर धावणारे पन्नास-साठवर जातात आणि नेमके त्याच सुमारास नवे बूटही घेतात. दुकानात दोन गोष्टी कानावर पडतात. एक कुशनिंग, म्हणजे पायाखाली फोम किती आणि तो किती मऊ. दुसरी ड्रॉप, म्हणजे टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या जाडीतला फरक. टाचेखाली ३६ मिलिमीटर आणि चवड्याखाली २८ असेल तर ड्रॉप ८. अंतर वाढवायचं असेल तेव्हा ड्रॉप सवयीचाच ठेवावा आणि बदल करायचाच झाला तर तो कुशनिंगमध्ये, तोही जपून करावा, असं माझं ठाम मत आहे.

ड्रॉप कमी केल्याने ओझं उतरत नाही, फक्त खांदा बदलतो. टाच खाली गेली की पोटरी आणि अकिलीस कंडरा जास्त ताणली जाते. टाच उंच असली की भार गुडघ्याच्या वाटीकडे सरकतो. किलोमीटरला सुमारे हजार पावलं पडतात, म्हणजे दहा किलोमीटरमध्ये प्रत्येक पायाची पाचेक हजार. दहाचा ड्रॉप सोडून एकदम चारवर आलेल्या माणसाच्या पोटरीला हा वाढीव ताण तेवढ्या वेळा सोसावा लागतो, आणि अंतरही त्याच महिन्यात वाढलेलं असतं. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी २०१६ साली ५५३ हौशी धावपटूंना १०, ६ आणि ० ड्रॉपचे बूट वाटून सहा महिने त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली. एकूण हिशेबात तिन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. पण अधूनमधून धावणाऱ्यांना कमी ड्रॉप मानवला आणि नियमित धावणाऱ्यांमध्ये त्याच बुटांनी दुखापतींचा धोका वाढवला. मायलेज वाढवणारा धावपटू साहजिकच या दुसऱ्या गटातला.

यावर हमखास येणारा आक्षेप अनवाणी धावण्याचा. अबेबे बिकिलाने १९६०ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, हे खरंच. पण १९६४ साली टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. डॅनियल लीबरमन यांच्या २०१०च्या अभ्यासात लहानपणापासून अनवाणी धावणारे केनियन चवड्यावर उतरताना दिसले आणि त्यांच्या पायाला बसणारा धक्काही कमी होता. मुद्दा त्या ‘लहानपणापासून’मध्ये आहे. २०१३च्या एका अभ्यासात अनुभवी धावपटूंना दहा आठवड्यांत अगदी पातळ तळाच्या बुटांवर आणलं, तेव्हा १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली एमआरआयमध्ये दिसली. दहा आठवडे म्हणजे आपल्या गणपती ते दिवाळीच्या काळाहून थोडेच जास्त!

मग जाडजूड, मऊ बूट घेतले की काम झालं का? तेही सरसकट म्हणता येत नाही. त्याच लक्झेंबर्गच्या गटाने २०२० साली ८४८ धावपटूंना दिसायला एकसारखे, पण मऊ-कडक वेगळे बूट दिले. कडक बुटांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट आढळला. मात्र मऊपणाचा स्पष्ट फायदा हलक्या वजनाच्या धावपटूंना झाला. वजनदारांमध्ये तो ठामपणे दिसला नाही. ‘वजन जास्त, तर कुशन जास्त’ या दुकानातल्या सल्ल्याला यातून आधार मिळत नाही. २०१८च्या एका फिनिश अभ्यासात तर जास्तीत जास्त कुशन असलेल्या बुटात वेगाने धावताना पाय अधिक ताठ राहिला आणि धक्का कमी होण्याऐवजी वाढला. म्हणून लांब, संथ धावण्यासाठी मऊ बूट घ्यावेत, पण वेगाच्या सरावासाठीही तेच योग्य ठरतील असं गृहीत धरू नये.

खरेदीला जाताना जुने बूट सोबत न्यावेत. ते सपाट फरशीवर ठेवून मागून पाहिले की एका बाजूला कललेत का ते कळतं. मिडसोलच्या, म्हणजे तळातल्या फोमच्या थराच्या, कडेला आडव्या सुरकुत्या गच्च बसल्या असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर फोम दबत नसेल, तर तो संपला. जुन्या जोडीचा ड्रॉप शोधून नवी त्याच्या एक-दोन मिलिमीटरच्या आत निवडावी. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारखा घाट उतरायचा असेल तर टाच पक्की धरणारा बूट मला ड्रॉपच्या आकड्याहून महत्त्वाचा वाटतो. शक्य असल्यास दोन जोड्या आलटूनपालटून वापराव्यात. तसं करणाऱ्यांमध्ये दुखापतींचा धोका ३९ टक्के कमी असल्याचं एका अभ्यासात दिसलं आहे. दोन जोड्यांचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप रास्त वाटतो; पण किलोमीटर दोन्हींत वाटले जातात, त्यामुळे प्रत्येक जोडी जवळपास दुप्पट दिवस पुरते. पैसे आधी द्यावे लागतात, एवढंच.