विनातारण

२०२६ साली ईस्टर ५ एप्रिलला आला. १९२२ साली याच तारखेला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई गेल्या. ईस्टरच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, चैत्री पौर्णिमा झाली. गावोगाव हनुमान जयंती साजरी झाली. बारामतीत मात्र त्या दिवसाला आणखी एक ओळख आहे. कवी मोरोपंत याच पौर्णिमेला, १५ एप्रिल १७९४ रोजी, बारामतीतच गेले.

तीन दिवस एका आठवड्यात आले, हा निव्वळ योगायोग नाही. ईस्टर चंद्रावर ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा, असा चर्चचा जुना हिशेब आहे. त्यामुळे बहुतेक वर्षी मोरोपंतांच्या तिथीमागोमाग ईस्टर येतोच. १७९४ सालीही तो २० एप्रिलला, पंत गेल्यावर पाचव्या दिवशी होता. २०२६ साली त्या ईस्टरवर रमाबाईंची तारीखही येऊन बसली. बारामती आणि केडगाव यांच्यात चाळीस-पन्नास किलोमीटरचं अंतर. या दोन पंडितांना एकत्र वाचायचं गेली कित्येक वर्षं माझ्या मनात आहे, आणि त्याला असा दिवस पुन्हा लवकर मिळायचा नाही.

क्रूस आणि पुनरुत्थान यांची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. मला थांबायचं आहे ते एका शब्दापाशी. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भार ‘कृपा’ या शब्दावर आहे. माणूस चांगला वागला म्हणून देव त्याला जवळ करत नाही. देव आधी जवळ करतो, माणसानं ते फक्त घ्यायचं असतं. पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात हे इतकं स्पष्ट आहे की पुढची दोन हजार वर्षं चर्चमध्ये त्यावरून वाद झाले, पंथ फुटले, आणि लुथरन व कॅथलिकांनी या मुद्द्यावर एकत्र सही करायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडावा लागला.

मराठी बायबलमध्ये या कृपेनं जे मिळतं त्याला ‘तारण’ म्हणतात. आता हाच शब्द घेऊन बारामती किंवा इंदापूरच्या एखाद्या बँकेत जा. तिथे तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेला ऐवज. सोनं तारण ठेवायचं, जमीन तारण द्यायची. साखर कारखान्याच्या गोदामातल्या पोत्यांवर मालतारण कर्ज उचललं जातं. ज्याच्यापाशी ठेवायला काही नाही, त्याला दारातूनच परत पाठवतात. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मला फार दिवस अस्वस्थ करत आले आहेत. बाजारात आधी तारण ठेवावं लागतं, मग मिळतं. शुभवर्तमानात ज्याच्यापाशी ठेवायला काहीच नाही, त्यालाच तारण दिलं जातं.

हा उलटा व्यवहार पचवायला सर्वात जड जातो तो कर्तबगार माणसाला. आमचा हा बारामती-इंदापूरचा पट्टा कर्तबगारांचा आहे. नीरा डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी आलं, तेव्हापासून इथल्या माणसानं माळरानावर ऊस उभा केला, कारखाने काढले, द्राक्षं परदेशी धाडली. ‘फुकटचं नको’ हे इथे अभिमानानं म्हणतात, आणि त्यात खोट काही नाही. पण देवापुढे उभं राहिल्यावरही आपण तोच हिशेब मांडतो: इतक्या वाऱ्या, इतके उपास, इतक्या देणग्या.

मोरोपंतांनी त्या हिशेबाची वही मिटली होती. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेला हा माणूस बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयानं राहिला. नाईकांचं घर सावकारीचं. पेशव्यांनाही कर्ज देणारं. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घरात दिलेली. त्या वाड्यात पंत पुराण सांगत. भोवती दिवसभर मुद्दल, व्याज, थकबाकी, जप्ती यांची भाषा चालत असणार. संस्कृतावर असं प्रभुत्व की एकशे आठ रामायणं लिहिण्याची त्यांची ख्याती. आर्या तर त्यांच्याच. असा पंडित ‘केकावली’ लिहायला बसतो, तेव्हा स्वतःला मोर म्हणवतो. केका म्हणजे मोराचा टाहो. मोर ढगाला बोलावतो, पण ढग येतो तो काही त्याच्या ओरडण्याची मजुरी म्हणून येत नाही.

‘केकावली’तला एक श्लोक अनेकांनी शाळेच्या प्रार्थनेत म्हटला आहे. पुन्हा मनातल्या मनात म्हणून पाहा. त्यातली क्रियापदं मागण्याची आहेत. मी हे केलं, म्हणून ते दे, असा सौदा त्यात कुठे नाही. पंत देवाशी भांडतात, पुराणांतले दाखले काढतात, पतितपावन हे तुझं ब्रीद आहे याची आठवण देतात. सगळी विद्वत्ता पणाला लागते ती एवढंच सिद्ध करायला की माझ्यापाशी काही नाही आणि तरीही तू द्यावंस.

मोरोपंतांना ख्रिस्ती ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यांचा देव वेगळा, त्यांचं पुराण वेगळं. ख्रिस्ती कृपेच्या मध्यभागी एक क्रूस आहे, एका विशिष्ट माणसाचं विशिष्ट दिवशी झालेलं मरण आहे. ते बाजूला काढलं तर ख्रिस्ती म्हणवण्याजोगं काही उरत नाही. पण हात पसरण्याची रीत या मातीत होतीच. म्हणून तर १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगू शकले.

आता रमाबाई. त्यांच्या चरित्राचे टप्पे शाळेत शिकवतात: कलकत्त्यात मिळालेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, अकाली वैधव्य, इंग्लंड, १८८३ मधला बाप्तिस्मा, १८८९ चं शारदा सदन. जे सहसा सांगितलं जात नाही ते त्यांनी स्वतः १९०७ साली आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. त्या प्रार्थना करत होत्या, चर्चचे नियम समजून घेत होत्या, विधवांसाठी झिजत होत्या. आणि तरीही हात रिकामेच. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस १८५१ साली आपल्याच चर्चमध्ये प्रवचन करता करता स्वतः पालटला. इतरांना वर्षानुवर्षं उपदेश करून झाल्यावर! रमाबाईंना त्यात स्वतःची ओळख पटली.

मला हा प्रसंग त्यांच्या धर्मांतरापेक्षा मोठा वाटतो. धर्मांतरासाठी धैर्य लागलं, आणि ते त्यांच्यापाशी भरपूर होतं. आठ वर्षांनी त्यांना जे करावं लागलं, त्यात धैर्याचा काही उपयोग नव्हता. ज्या बाईनं वेदान्तापासून व्याकरणापर्यंत सगळं स्वतः मिळवलं होतं, तिला कबूल करायचं होतं की हे एक मिळवता येत नाही.

येशूनं सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट इथे आठवते. इंदापूर तालुक्यात बोरीसारख्या गावात ईस्टरच्याच दिवसांत द्राक्षाची खरड छाटणी चालते, त्यामुळे ती आपल्याला परकी वाटू नये. मालक पहाटे मजूर लावतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला. दिवस मावळल्यावर सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी. पहाटेपासून राबलेले चिडतात. चिडणारच, उन्हात दिवसभर कात्री चालवणाऱ्याला विचारा. या गोष्टीवर बहुतेक जण पहाटेच्या मजुराच्या बाजूनं वाद घालतात. मी ती पाचच्या मजुराच्या जागी उभा राहून वाचतो. तो दिवसभर नाक्यावर उभा आहे. आळशी म्हणून नव्हे; त्याला कुणी बोलावलंच नाही. म्हातारा असेल, लंगडा असेल. घरी चूल त्याचीही पेटायची आहे. त्याच्या ओंजळीत पूर्ण दिवसाची मजुरी पडते, तेव्हा तो मालकाला हिशेब विचारत नाही, मुठीतले पैसे परतही करत नाही. घेतो. नम्र श्रद्धा म्हणतात ती एवढीच आहे.

इथे एक धोका आहे, आणि तो लपवणं अप्रामाणिकपणा होईल. ‘नम्र व्हा’ हे वाक्य या देशात नेहमी वरच्यानं खालच्याला ऐकवलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात एक कनानी बाई मुलीसाठी येशूकडे येते आणि धन्याच्या मेजाखाली पडणारा चुरा तरी आम्हाला मिळू दे, असं म्हणते. येशू तिच्या विश्वासाला मोठा म्हणतो. ही गोष्ट चर्चमध्ये कौतुकानं वाचतात. पण चोखोबा आपल्या जोहारात देवापाशी उष्टं मागतात, ते ऐकताना घशात आवंढा येतो, कारण गावानं त्यांना खरोखरच उष्ट्यावर ठेवलं होतं. देवापुढची नम्रता आणि गावापुढची लाचारी यांच्यात गल्लत होऊ देता कामा नये. कालव्याच्या टेलावरच्या इंदापूरच्या शेतकऱ्यानं पाण्याचं आवर्तन कृपा म्हणून मागू नये, तो त्याचा हक्क आहे. कृपा देवाची. राज्यकर्त्यांकडून न्याय घ्यायचा.

रमाबाईंना हा फरक लख्ख कळत होता. इंग्लंडमध्ये ज्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीही पत्रातून त्या कडाक्यानं वाद घालत राहिल्या. चर्चचा अधिकारी म्हणतो म्हणून मी मान्य करणार नाही, हा त्यांचा सूर होता. देवापुढे वाकलेली ही मान बिशपांपुढे ताठ राहिली.

पुण्याचा आक्षेपही मला डावलायचा नाही. १८९३ साली शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. भुकेल्याला अन्नासोबत धर्म वाढायचा का, हा प्रश्न तेव्हा खरा होता आणि आजही खरा आहे. ज्या दानाच्या बदल्यात श्रद्धा मागितली जाते ते दान उरत नाही, आणि त्याला कृपा तर मुळीच म्हणता येणार नाही. असं करणारा प्रचारक स्वतःच्याच धर्माचं मूळ तोडतो, हे माझं मत. पण याच्या शेजारी दुसरी वस्तुस्थितीही ठेवली पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकलेल्या बायका-मुलींना केडगावला घेऊन येणारी बाई हीच होती. १९०० च्या सुमारास मुक्तीतल्या माणसांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. स्वतःचे आईवडील रमाबाईंनी दुष्काळातच गमावले होते. शेवटची कित्येक वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत. पदव्या मिळवून देणारं संस्कृत त्यांनी दाराबाहेर ठेवलं.

बाप्तिस्म्याच्या आधीचा एक प्रसंगही त्यांच्या साक्षीत आहे. लंडनजवळ फुलम इथे भगिनींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायका तिथे होत्या आणि भगिनी त्यांची आपुलकीनं शुश्रूषा करत होत्या. धर्मशास्त्रं कोळून प्यायलेल्या रमाबाईंनी अशा बायकांसाठी प्रायश्चित्तं वाचली होती, शिक्षा वाचल्या होत्या. माया वाचलेली नव्हती. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल भगिनीनं त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे होऊन गेलेली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली बाई. येशू तिच्याकडे आधी स्वतः पाणी मागतो.

केडगावला माळावर एकेक सदन उभं राहत गेलं, तसं अशा बायकांसाठीही रमाबाईंनी एक घर बांधलं. त्याला त्यांनी नाव दिलं कृपासदन.

हे केडगाव वारीच्या वाटेपासून दूर नाही. आषाढीला तुकोबांची पालखी यवतहून वरवंडकडे निघते ती चौफुल्यावरून. केडगावचा रस्ता तिथून डाव्या हाताला फुटतो. पालखी पुढे जाते: पाटसचा डोंगर, उंडवडी, मोरोपंतांची बारामती, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर.